दोरीचं टोक

रविवारी सकाळी विलिसोनीच्या कमरेला
मी ताओवाला गुंडाळते,
माझ्याच हातची चटई, केवड्याच्या पातीची,
आणि वरून काफा, काथ्याची वेणी.
लग्नापासून तीच दोरी, तेच दोन वेढे,
गाठीनंतर वीतभर टोक.

ईस्टरला टोक दोन विती लोंबलं.
मे महिन्यात मी मुकाट्यानं तिसरा वेढा दिला.

चर्चच्या दारात बायकांनी विचारलं,
लुसेआने, नवऱ्याला उपाशी ठेवतेस की काय?
आमच्या बेटावर अंगानं भरलेल्या माणसाला मान.
मी म्हटलं, वाढते की. मागून मागून खातो.
उकडलेले कंद, नारळाच्या दुधातला अळू,
चहात चार चमचे साखर, वर पाव.
खाल्लेलं जातं कुठे
हे मात्र मला सांगता आलं नाही.

रात्री दार करकरतं.
मग टाकीचा नळ, मग मग्याचा आवाज.
थोड्या वेळानं पुन्हा दार.
दोन माणसांना ऑगस्टपर्यंत पुरणारी टाकी
जूनमध्येच पोकळ वाजली.
उकडतंय, म्हणाला.
जूनमध्ये! वाऱ्याला धार असताना,
मी दोन पांघरुणं घेऊन झोपलेली असताना.

आणि विलायती फणसाच्या बुंध्याशी,
जिथे तो अंधारात उभा राहतो,
तिथे मुंग्यांची रांग.
मी बराच वेळ पाहत उभी होते.
असलं बोलणार कुणाशी?

पायाला प्रवाळाचा ओरखडा, नखाएवढा.
तीन आठवडे झाले, अजून ओला.

डॉक्टरचं नाव काढलं की जाळं दुरुस्त करायला बसतो.
सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही.
म्हणे, मला काय झालंय? दुखत तर काही नाही.
हेच त्याचा भाऊ सितालेकी म्हणायचा.
त्याच्या बायकोनं एकदा मला सांगितलं होतं,
दुकानात एक चप्पल देत नाहीत गं,
जोडच घ्यावा लागतो.
त्यांच्या पडवीत उजव्या पायाच्या चार नव्या चपला आहेत.

एवढंच मी त्या रात्री त्याला म्हणाले, चार.
आणि पाव लपवून ठेवला.

पहाटेच्या होडीनं पांगाईला गेलो.
तो उपाशी, म्हणून चिडलेला,
मीही उपाशी, तो एकटा नको म्हणून.
नर्स आनासेइनी, माझ्या धाकट्या मुलीच्या वर्गातली,
बोट टोचताना त्याच्याशी माशांबद्दल बोलत होती.
यंत्रावर आकडा आला, अकरा पूर्णांक दोन.
उपाशीपोटी सातलाच आम्ही थांबतो, ती म्हणाली.
रक्त काढून पुन्हा बघू. पण वेळेवर आलात, काका.

मग तिनं नायलॉनचा एक धागा घेतला,
डोळे मिटा म्हणाली,
आणि तळव्याला टेकवत गेली.
लागला की हो म्हणायचं.
हो. हो. हो.
अंगठ्याखाली धागा वाकला.
मी पाहत होते. तो गप्प.
जन्मभर मी धागे हाताळले,
एवढा बारीक धागा
एवढा जड कधी पाहिला नव्हता.
हो, तो म्हणाला. पण उशिरा.

परतीच्या होडीला वेळ होता. मी पिशवी उचलली.
मावशी, तुमचं बोट?
मी हात पदराआड घालावा तसा चटईआड घातला.
मला नको. मला विणायचंय.
मला कुठे तहान लागते?
डोळ्यांपुढे हल्ली पाती जरा धूसर होतात,
तेवढंच, ते वयानं.

विलिसोनी इतका वेळ बूट घालत होता.
थांबला.
माझी दोरी तू मोजलीस, म्हणाला,
तुझी कोण मोजणार?
आणि त्यानं माझा हात चटईखालून ओढून
टेबलावर ठेवला, मासा ठेवावा तसा.

थेंब लहानच होता.
यंत्र उलटे आकडे मोजू लागलं, पाच, चार,
बाहेर होडीवाला हाका मारत होता.